मिठाची सवय

लाझारची लुआज, म्हणजे वाटणीची टॅक्सी, आठ उतारू भरले की सुटायची. त्या सकाळी मात्र ती सात उतारू आणि पाण्याचे चार डबे घेऊन केबिलीच्या अड्ड्यावरून निघाली, आणि आठवी जागा डब्यांना का दिली यावरून गाबेस येईपर्यंत गाडीत वाद चालू होता.

"आहे तरी काय यांत?" एका जाडजूड व्यापाऱ्यानं विचारलं. डब्यांमुळं त्याचे गुडघे हनुवटीला लागले होते. "तेल?"

"मासे," लाझार म्हणाला.

"केबिलीतनं मासे? तुनिसला? अरे बाबा, समुद्र तिकडं आहे!"

"मला काय सांगता, हाजी? त्या मागं बसलीय ना, माझी बहीण, तिला सांगा. लोक तुनिसहून टीव्ही घेऊन येतात. ही इथनं पाणी घेऊन जाते."

मागच्या बाकावर दलेंदा दोन पायांत एक डबा धरून बसली होती. गाडी थांबली की ती झाकणं उघडायची आणि सायकलच्या पंपानं पाण्यात हवा मारायची. पहिल्या थांब्यावर सगळे हसले. दुसऱ्या थांब्यावर व्यापाऱ्यानं वाकून डब्यात पाहिलं. बोटाच्या पेरांएवढे मासे, अंगावर उभे पट्टे, तोंडं वर करून पाण्याच्या कडेला जमलेले. "मरतायत की हे," तो म्हणाला, आणि तिच्या हातातला पंप काढून घेऊन स्वतःच मारायला लागला. स्फाक्सला उतरताना त्यानं पंप शेजारच्या शिपायाच्या हातात दिला, "जोरात मारू नकोस, घाबरतात," असं बजावलं आणि मगच तो खाली उतरला.

दलेंदाचं गाव केबिलीच्या पलीकडं, ऐन तरफा. गावाच्या वरच्या अंगाला झऱ्याचा डोळा होता. तिथून निघालेलं कोमट गोडं पाणी पाटानं खजुरीच्या बागांतून फिरत फिरत खाली जायचं आणि शेवटी शोत्तच्या काठाला, म्हणजे त्या क्षितिजापर्यंत पसरलेल्या मिठाच्या पांढऱ्या मैदानाला, मिळून नाहीसं व्हायचं. बागांमधलं मीठ धुऊन नेत नेत पाणी इतकं खारट होई की पाटाच्या शेवटच्या डबक्यांत काडी बुडवली तर वाळल्यावर तिच्यावर पांढरी साल चढलेली असायची. आणि त्याही डबक्यांत तेच मासे होते. गावात त्यांना हुवीता म्हणत, म्हणजे नुसतं 'छोटा मासा'. खायच्या कामाचे नाहीत, म्हणून कुणी त्यांना दुसरं नाव द्यायची तसदी घेतली नव्हती.

दलेंदाचे वडील उंट राखायचे. लहानपणी ती त्यांच्याबरोबर शोत्तच्या काठानं हिंडायची, आणि उंट खारट झुडपं ओरबाडून खाताना बघायची. एकदा तिनं ते पान चावून पाहिलं आणि दिवसभर तिची जीभ बधिर झाली. मग तिनं डबक्यातलं पाणी चाखलं, तर ओकारीच आली. या खाऱ्यात उंट जगतो, मासा जगतो, आणि आपण का नाही? हा प्रश्न तिच्या डोक्यात शिरला तो निघालाच नाही. शाळा संपली, राजधानीत विद्यापीठ झालं, वडील गेले, तरी तो तिथंच बसून होता. आता राजधानीतल्या एका प्रयोगशाळेत सी शेदलींच्या, म्हणजे शेदलीसाहेबांच्या, हाताखाली ती त्याच प्रश्नावर डॉक्टरेट करत होती.

सी शेदली म्हणजे त्या शास्त्रातलं मोठं नाव. माणूस तापट, पण कामाला वाघ. हुवीता समुद्राच्या दुपटीहून जास्त खाऱ्या पाण्यात जगतो हे दलेंदानं त्यांना दाखवलं तेव्हा ते टाकीसमोर खुर्ची ओढून बसले आणि जेवायचंच विसरले. माशाच्या शेपटीतून रक्ताचा थेंब काढून त्यातलं मीठ त्यांनी स्वतः मोजलं. बाहेर एवढं मीठ, आणि रक्त मात्र जवळजवळ गोड्या पाण्यातल्या माशासारखं.

"बिंती," ते म्हणाले, म्हणजे पोरी, "हा एवढासा जीव घोट घोट मीठ पितो, आणि कल्ल्यांतून बाहेर फेकतो. जहाजात पाणी शिरावं आणि खलाशांनी बसून उपसावं तसं. जगाला दाखवू आपण हे."

आणि जगाला दाखवताना घात झाला.

मार्सेयहून मादाम ओर्ताँस व्हिआल नावाच्या बाई आल्या. त्यांचा शब्द या क्षेत्रात शेवटचा मानला जाई. बाई सौम्य होत्या, पण दुसऱ्याच्या डोळ्यांवर विश्वास ठेवायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी प्रयोगशाळेची गाडी दक्षिणेला पाठवून आपल्यासाठी नवे मासे मागवले आणि प्रयोग सगळ्यांसमोर पुन्हा केला. दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर टाकीत पांढरी पोटं वर करून सगळेच्या सगळे मासे तरंगत होते.

मादाम व्हिआलनी दलेंदाच्या खांद्यावर हात ठेवला, आणि तेच तिला सगळ्यात जास्त लागलं.

दलेंदा स्वतः गावी गेली, मासे आणले, पुन्हा प्रयोग केला. काही जगले, काही मेले. पुन्हा केला. पुन्हा तसंच. सी शेदलींनी तिला खोलीत बोलावलं.

"का मरतात?"

"ठाऊक नाही."

"आणि का जगतात?"

"तेही ठाऊक नाही, सी शेदली."

"मग आपल्याकडं काय आहे?" ते टेबलावर हात आपटून म्हणाले. "निम्मे मेलेले मासे! लोक म्हणतात, तुझं मीटर बिघडलंय. मी म्हणतो, मीटर ठीक आहे. मग बिघडलंय काय? सोड हे मासे. वाळवंटी उंदरांचं काम पडून आहे, ते घे."

"उंदीर घेते. पण मासे सोडणार नाही."

"दोन्ही जमणार नाही."

"मग राहू दे," दलेंदा म्हणाली. पुढच्या वर्षी तिची नेमणूक वाढवली गेली नाही. डॉक्टरेट अर्धी टाकून ती गावी परत आली आणि केबिलीच्या शाळेत मुलींना जीवशास्त्र शिकवायला लागली.

गावाला विषय मिळाला. बाजारात बायका विचारायच्या, "दलेंदा, तुझ्या माशांची तब्येत कशी आहे?" तिची आई, यम्मा, समोरच्याला फटकारायची आणि घरी आल्यावर स्वतः तेच बोलायची.

"गच्चीवर टबच टब! कपडे वाळत घालायला जागा नाही. लोकांच्या मुली गच्चीवर मिरच्या वाळवतात."

"यम्मा, एक टब रिकामा करून देते."

"एक? मोठी उपकार करणारी आली!" असं म्हणून यम्मा मिरच्यांची चटई टबांच्या मधल्या वाटेवर पसरायची, आणि कडक उन्हाच्या दिवसांत कुणाला न सांगता टबांवर खजुरीच्या झावळ्या टाकून सावली करायची.

शाळा सुटली की दलेंदा मासे धरायला जायची. टबांत मासे काही जगत, काही मरत. पाणी गरम केलं, गार केलं, मीठ हळू वाढवलं, एकदम वाढवलं. हळू वाढवलं तर थोडे जास्त जगत, पण तरी मरणारे मरतच. वर्षं अशी गेली. कधी कधी तिला वाटे, सी शेदली म्हणाले तेच खरं. आपल्याकडं आहे काय, तर निम्मे मेलेले मासे.

याच दिवसांत लाझारनं लुआज चालवता चालवता उंटांचा जोडधंदा सुरू केला. बापाचा धंदा आपण बुडवला ही टोचणी त्याला होतीच. उत्तरेकडच्या बाजारातून त्यानं एक सांडणी आणली. अंगानं भरलेली, दुधाळ, रुबाबदार. सगळा गाव बघायला आला. आठवड्याभरात ती सांडणी आडवी झाली.

"फसवलं मला!" लाझार अंगणात येऊन ओरडत होता. "काठावरची झुडपं खाल्ली तर हगवण लागते महाराणीला. खाते काय, पिते काय! दिवसभर पाण्यापाशी उभी. बापाच्या सांडण्या तीच झुडपं खाऊन लठ्ठ व्हायच्या!"

"ती कुठं वाढली?" दलेंदानं विचारलं.

"मला काय माहीत? तिकडं उत्तरेत, बाझाकडं. हिरवं गवत खाऊन. सायबाच्या घरची आहे ती."

लाझारनं तिला वाळलं गवत विकत आणून घातलं, शिव्या घातल्या, आणि गावातल्या एका उंटाशी तिची गाठ घातली. पुढल्या वर्षी तिला पिल्लू झालं. पिल्लू जरा मोठं झालं आणि आईच्या मागं काठावर गेलं. आई झुडपांना तोंड लावायची नाही. पिल्लू मात्र पहिल्या दिवसापासून ओरबाडायला लागलं, आणि त्याला काही म्हणजे काही झालं नाही.

"बघ," लाझार म्हणाला, "आईपेक्षा लेकरू शहाणं."

दलेंदा पिल्लाकडं बघत उभी राहिली. मग भावाला म्हणाली, "खूया, मला याचं मूत पाहिजे."

लाझारनं कपाळाला हात लावला. "आठवून सांग, यम्मानं तुला पाळण्यातनं पाडलं होतं का?"

पण दुसऱ्या दिवशी पहाटे तोच बादली घेऊन पिल्लाच्या मागं धावत होता, आणि पिल्लू त्याला शोत्तच्या काठानं गोल गोल पळवत होतं. तो दोनदा चिखलात पडला. बादली भरली तेव्हा त्यानं ती एखादं बक्षीस द्यावं तशी बहिणीच्या हातात दिली.

आईलाही थोडं मीठ चारून दोघांच्या मुतातलं मीठ मोजल्यावर फरक डोळ्यांत भरण्यासारखा निघाला. पिल्लाची मूत्रपिंडं मीठ दाबून बाहेर काढत होती, आईची हात टेकत होती. दलेंदाच्या मनात आलं, लहानपणी मिठाची चव लागली तर शरीर ते उपसायचं यंत्र बांधत असेल. आणि वय उलटून गेलं की बांधता येत नसेल. मासे आपण कुठून धरले होते? स्वतः पहिल्यांदा नेले ते पाटाच्या शेवटच्या डबक्यांतले, जिथं लहानपणी खेळायची तिथले. आणि प्रयोगशाळेच्या गाडीनं नेले ते? गाडीचा रस्ता झऱ्याच्या डोळ्यापर्यंतच जात होता. ते गोड्या पाण्यातले. नंतर तिनं आणले ते पाटाच्या मधल्या टप्प्यातले, जिथं पुराच्या पाण्यानं वरचे-खालचे सगळे एकत्र होतात.

ती धावत घरी आली. पण जिना चढता चढता तिची पावलं मंदावली. पिल्लाचा बाप गावचाच होता. मग हा बापाच्या रक्ताचा गुण कशावरून नाही? डबक्यातले मासे पिढ्यान् पिढ्या तिथलेच, म्हणजे त्यांच्याही रक्तातच असेल. वाढण्यामुळं की रक्तामुळं? हे वेगळं केल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, असं तिनं ठरवलं. एकदा पांढरी पोटं बघितली होती, तेवढं पुरे होतं.

तिनं झऱ्याच्या डोळ्याजवळच्या गोड्या पाण्यातल्या माद्या धरल्या. टबांत खजुरीच्या बुंध्याचे केसाळ तंतू टाकले. माद्यांनी त्यांत अंडी चिकटवली. ही अंडी तिनं चिमट्यानं एकेक उचलली आणि एकाच मादीची निम्मी या टबात, निम्मी त्या टबात अशी वाटली. डाव्या बाजूच्या टबांत गोडं पाणी. उजव्या बाजूला पिल्लं पोहायला लागल्यापासून रोज थोडं थोडं शोत्तचं मीठ. आई एक, बाप एक, पाणी निराळं.

मासे वाढले. दिसायला सारखेच. मग एका सकाळी दलेंदानं सगळ्यांना समुद्राच्या दुपटीहून खाऱ्या पाण्यात सोडलं आणि शाळेत निघून गेली. त्या दिवशी वर्गात तिला बेडकाचं हृदय शिकवायचं होतं आणि ती फळ्यावर माशाचा कल्ला काढून बसली.

संध्याकाळी घरी आली तर यम्मा गच्चीच्या जिन्यावर बसलेली.

"मी काही हात लावलेला नाही," यम्मा म्हणाली. "डावीकडचे सगळे गेले बिचारे. उजवीकडचे भुकेले आहेत, मी आले की तोंड उघडतात."

दलेंदा तिच्या शेजारी पायरीवर बसली आणि रडायला लागली. यम्माला वाटलं मेलेल्या माशांसाठी रडते. "अगं, मासेच ते," ती तिची पाठ थोपटत म्हणाली. "उजवीकडचे आहेत ना?"

आता कल्ल्यांच्या आत बघायला पाहिजे होतं. मीठ उपसणाऱ्या पेशी खरंच जास्त आहेत का, मोठ्या आहेत का, हे शाळेच्या सूक्ष्मदर्शकातून दिसण्यासारखं नव्हतं. ज्यातून दिसलं असतं ते यंत्र सी शेदलींच्या खोलीत होतं. दलेंदा कितीतरी दिवस टॅक्सीफोनच्या दुकानावरून जात-येत राहिली. शेवटी एकदा आत शिरली, नाणी टाकली.

"मी दलेंदा. केबिलीहून."

"बोल," सी शेदली म्हणाले.

तिनं सगळं सांगितलं. नाणी संपत आली तशी भरभर सांगितलं. तिचं बोलणं संपल्यावर ते म्हणाले, "एकाच मादीची अंडी? खात्री?"

"खात्री."

"हात लावू नकोस कशाला. मी येतो."

ते खरंच आले. सुटाबुटात, गाबेसहून लाझारच्याच लुआजमध्ये घामाघूम होऊन. लाझारला ते कोण हे कळताच त्यानं वाटभर मासे या विषयावर त्यांची उलटतपासणी घेतली. घरी यम्मानं मुलूखियाचा रस्सा रांधला होता. पाहुण्यानं तीनदा वाढून घेतलं, त्यामुळं यम्माच्या मनातला निम्मा राग गेला. उरलेला निम्मा तिनं बोलून दाखवला.

"माझी पोरगी तुमच्याकडं गेली तेव्हा तिला भूक लागायची, सिदी. परत आली तेव्हा लागत नव्हती."

सी शेदलींनी पाव ताटात ठेवला. "खरं आहे तुमचं," ते म्हणाले.

गच्चीवर मात्र त्यांनी कसलीच दयामाया दाखवली नाही. तिच्या टबांवर विश्वास ठेवणार नाही म्हणाले. नवी अंडी घालून घेतली. कुठलं अंडं कुठल्या पाण्यात जाईल याच्या चिठ्ठ्या स्वतः टाकल्या. टबांच्या जागा अदलाबदल केल्या, म्हणजे ऊन-सावलीचा बहाणा उरू नये. सुटीत परत आले, पुन्हा बसले. निकाल तोच लागला. कल्ले बर्फात घालून त्यांनी राजधानीला नेले, आणि काही दिवसांनी शाळेतल्या फोनवर त्यांचा आवाज आला. इतका मोठा की मुख्याध्यापिका बाईंनाही शेजारी उभं राहून ऐकू आला.

"गच्च भरलेत! मिठात वाढलेल्यांचे कल्ले पेशींनी गच्च भरलेत, आणि दुसऱ्यांचे ओसाड! बिंती, मला तुला खोटं पाडायला कुठं जागाच ठेवली नाहीस तू!"

लेखावर पहिलं नाव तिचं लागलं. मार्सेयच्या सभेत सी शेदली पहिल्या रांगेत बसले आणि ती बोलली. मादाम व्हिआल आता म्हाताऱ्या झाल्या होत्या. त्यांनी शेवटी एकच विचारलं, "मग माझे मासे मेले ते चूक नव्हतं?"

"नाही मादाम. तुमचेही खरे होते, माझेही खरे होते," दलेंदा म्हणाली. "फक्त ते वेगळ्या पाण्यात लहानाचे मोठे झाले होते."

डॉक्टरेट झाली. दक्षिणेतल्या एका संशोधन केंद्रात तिला स्वतःची खोली मिळाली. पुढची वर्षं तिनं खारट झुडपांवर वाढवलेली उंटाची पिल्लं, मेंढ्या, आणि सी शेदलींचे ते राहून गेलेले वाळवंटी उंदीरसुद्धा अभ्यासले. गाभण मेंढीला खारट चारा दिला तर तिचं कोकरू पुढं तो चारा सहज पचवतं, हे तिनं दाखवलं तेव्हा काठावरच्या धनगरांनी आपल्या कळपांची चरायची वेळ आणि जागा बदलली. लाझार ही आपलीच कल्पना असल्याचं सांगत फिरायचा.

पण ऐन तरफाचा झरा आटत चालला होता. आजूबाजूला खोल विहिरी पाडल्या गेल्या, त्यांतून वाफाळतं पाणी उसळायचं, बागा दुप्पट झाल्या, आणि झऱ्याचा डोळा दरवर्षी थोडा आत जायचा. एका उन्हाळ्यात तो मिटला. पाट वाळला. मधल्या खोलगट जागांत तेवढी डबकी राहिली आणि त्यांत हुवीता दाटीवाटीनं जमले. बगळ्यांची चंगळ झाली.

बागांतलं निथळलेलं पाणी मात्र आता सरकारी चरांतून थेट शोत्तच्या काठाला जात होतं आणि तिथं एक मोठं उथळ तळं साचलं होतं. वर्षभर पाणी. फक्त इतकं खारट की त्यात कुणी मासा पाहिला नव्हता.

"तिथं सोड की उचलून," लाझार म्हणाला.

"मरतील. यांतले बहुतेक गोड्यात वाढलेत."

"मग?"

"मग यांची पोरं तिथं जातील," दलेंदा म्हणाली.

तिच्या खोलीतल्या टाक्या पुरण्यासारख्या नव्हत्या. यम्मानं गावातल्या बायकांना निरोप धाडला. त्या खजूर निवडायच्या शेडमध्ये जमत. शेडमागं सिमेंटचे जुने हौद पडून होते.

"माशांसाठी?" एकीनं विचारलं. "जे खाताही येत नाहीत?"

"तुझी सासू तरी कुठं खाता येते? तिला सांभाळतेसच ना," यम्मा म्हणाली, आणि हशा पिकला. हौद घासून झाले.

डबक्यांतले मासे बायकांनी जुन्या पडद्यांच्या जाळ्यांनी धरले. तंतूंवर अंडी आली. पिल्लं पोहायला लागली तशी दलेंदा रोज मीठ वाढवायची. पुढं ती केंद्रात अडकली की बायका वाढवायच्या. कुणी जास्त टाकलं, कुणी कमी टाकलं यावरून भांडणं व्हायची. एक हौद त्यात वाया गेला. ज्या बाईच्या हातून गेला ती दोन दिवस आलीच नाही, तेव्हा दलेंदा तिच्या घरी गेली, चहा प्याली, आणि आपल्या हातून राजधानीत किती मासे मेले ते सांगून तिला परत घेऊन आली.

थंडी सरत आली तेव्हा हौदांतलं पाणी तळ्याएवढं खारट झालं होतं आणि मासे त्यात झुंडीनं फिरत होते. बायकांनी बादल्यांनी ते काठाला नेले. मासे पाण्यात गेले आणि क्षणात दिसेनासे झाले. सगळ्यांनाच काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. एवढी मेहनत, आणि बघायला काही नाही.

वसंतात वाळूची वादळं आली. दलेंदा जमेल तेव्हा तळ्यावर जायची. जाळं टाकलं की रिकामं यायचं. तळं मोठं होतं, हे ती स्वतःला सांगायची. बगळे मात्र येत होते, आणि बगळा उपाशी बसत नाही, हेही सांगायची. सी शेदली निवृत्त होऊन बागकाम करत होते. त्यांनी फोनवर विचारलं, "एखादा तरी?" ती म्हणाली, "अजून नाही." ते म्हणाले, "बिंती, मोठे जगले तरी उपयोग नाही. त्यांनी तिथं अंडी घातली पाहिजेत." तिला ते ठाऊक होतं. त्याचीच तिला भीती होती. मासा तगतो तिथं अंडं तगेलच असं नाही.

वैशाखासारखं ऊन तापायला लागलं तेव्हा यम्मानं एकदा स्वतःच हट्ट धरला, मला घेऊन चल. गुडघ्यांनी साथ सोडली होती, म्हणून लाझारनं गाडी थेट काठापर्यंत नेली. शेडमधल्या दोघीतिघी मागच्या बाकावर चढल्याच. दलेंदा चपला काढून चिखलात उतरली आणि शेवाळाच्या कडेनं वाकून हळूहळू चालायला लागली. काठावर बायका डोळ्यांवर हाताची सावली धरून बघत होत्या.

"ते बघ, हललं," एक म्हणाली.

"डास आहेत ते," यम्मा म्हणाली. "डासांची पिल्लं. आमच्या रांजणात असतात."

"डास असे पळत नाहीत."

"पळतात. तू कधी रांजण धुतलास तर कळेल ना."

दलेंदानं दोन्ही हातांची ओंजळ पाण्यात धरली आणि थांबली. पाणी तिच्या घोट्यांना चुरचुरत होतं. काचेच्या तुकड्यांसारखं काहीतरी, इतकं बारीक की नुसते डोळेच दिसावेत, शेवाळाच्या धाग्यांतून बाहेर आलं आणि तिच्या बोटांच्या सावलीत घुटमळलं. मग आणखी काही. मग सगळा काठच बारीक बारीक हलतोय हे तिच्या लक्षात आलं. ही तिनं आणलेली नव्हती. यांच्या पाण्यात कुणी चमच्यानं मीठ टाकलेलं नव्हतं. ती इथंच जन्मली होती.

"काय गं?" लाझार काठावरून ओरडला. "डास की मासे? इथं पैज लागलीय!"

तिनं मान वर केली, हसली आणि यम्माकडं बघून ओंजळ जरा उंच धरली.

"इकडं आण," यम्मा म्हणाली, "मी बघितल्याशिवाय हार मानायची नाही," आणि लाझार नको नको म्हणत असताना तिनं त्याच्या खांद्याचा आधार घेतला, पायातल्या वहाणा काढल्या आणि चिखलात पहिलं पाऊल टाकलं.